आधी वाचा, मग यादी करा : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय शिक्षणमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

शाळांच्या वाचनालयांना सरकारी यादीतून पुस्तकं मिळतात, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती निवडीच्या फूटपट्टीबद्दल. आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी गोष्टीचं पुस्तक घेताना त्यात बोध किती हे पाहिलं जातं, आणि माहितीचं घेताना माहिती किती ठासून भरली आहे हे. यादी करणाऱ्यांनी ती पुस्तकं वाचली असतील, असं यादीकडे बघून वाटत नाही.

वय अडनिडं आहे. जीन चॉल या वाचन-संशोधिकेने १९८३ साली वाचनाचे टप्पे मांडले. त्यानुसार नवव्या वर्षाच्या सुमारास मूल नवं काही कळावं म्हणून वाचू लागतं. पुस्तक हातून सुटतं तेही इथेच. अक्षरं येतात, पण विषय परका असतो. १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची, पण खेळ जाणणारी मुलं त्यात वाचनात पक्क्या, पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. म्हणजे विषयाची माहिती असली, की वाचलेलं कळतं; म्हणून माहितीपर पुस्तकांना यादीच्या शेपटाला टांगू नका.

ती निवडताना मागे सूची आहे का, आवृत्ती कधीची, हे आधी बघावं. प्लूटोला २००६ साली ग्रहांतून वगळलं, तरी नऊ ग्रहांची पुस्तकं कपाटात ठाण मांडून आहेत, कारण निर्लेखनाची, म्हणजे जुनी पुस्तकं नोंदीतून काढून टाकण्याची, परवानगी मिळता मिळत नाही. मग एक पान नीट वाचावं. डायनासोर किती लांब होता एवढंच दिलंय, की सापडलेल्या हाडांवरून ती लांबी कशी ताडली तेही? नुसता आकडा मुलं परीक्षेपुरता लक्षात ठेवतात. कसा काढला हे कळलं, की पुढचं पुस्तक मागायला येतात. (थोरांची चरित्रं तर यादीत इतकी असतात, की जगात थोर होण्याखेरीज दुसरा उद्योग नाही असं मुलांना वाटावं.)

गोष्टीच्या पुस्तकाचं शेवटून दुसरं प्रकरण वाचा. पेच कोण सोडवतं? ऐनवेळी कुणी मोठं माणूस येऊन सगळं निस्तरत असेल, तर पुस्तक खाली ठेवा. उपदेशाचा वास या मुलांना लांबून येतो. पुस्तकभर धमाल करणारा खोडकर मुलगा शेवटच्या पानावर शहाणा झाला, की 'शेवट बोअर आहे' असं सांगत मुलं ते परत करतात, आणि ऐकणारी मित्रमंडळी ते नेत नाहीत. पुस्तकमालिका आणि चित्रकथा हलक्या समजून गाळू नयेत, एवढंच.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. सगळ्या शाळांना एकच संच पाठवला, की दोन्ही मोडतात.

तेव्हा मागणी अशी : खरेदीची निम्मी रक्कम शाळांकडे सोडा आणि तिथल्या निवडीत मुलांनाही बसवा. उरलेल्या निम्म्यासाठी यादी जरूर करा, पण समितीतल्या कुणी तरी पुस्तक पूर्ण वाचून, सही करून चार ओळींचा अभिप्राय दिल्याशिवाय ते यादीत जाऊ नये. हे अभिप्राय शाळांनाही पाठवावेत. पुढची यादी निघण्याआधी तसा आदेश व्हावा, ही विनंती.

आपली,
एक शालेय ग्रंथपाल