त्या काउन्सेलर ताईंचे मनापासून आभार

मुलाला कोरॉइडेरेमिया (हळूहळू नजर जाणारा डोळ्यांचा आनुवंशिक आजार) आहे हे कळलं त्या दिवशी डॉक्टर घाईत एवढंच म्हणाले की हे आईकडून आलंय, आणि पुढचा पेशंट बोलावला. मी बाहेर बाकावर नुसती रडत बसले. तेव्हा एक काउन्सेलर ताई स्वतःहून शेजारी येऊन बसल्या, रिपोर्टच्या पाकिटावरच एक्स आणि वाय गुणसूत्रं काढून दाखवली, की ज्या सीएचएम जीनमधल्या बिघाडाने हे होतं तो एक्सवर असतो, मुलाला एकच एक्स म्हणून त्याची नजर जाते, आईला दुसरा चांगला एक्स सांभाळून घेतो, प्रत्येक मुलात तो बिघाड जायची शक्यता 50 टक्के, यात तुमची काही चूक नाही हो. तीनदा सांगितलं, न कंटाळता.

मग त्यांनी मुलालाच विचारलं (तोपर्यंत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं), तुला अंधारात कसं दिसतं रे? तो म्हणाला, बाजूचं काहीच नाही. आणि मी इतकी वर्षं तो अडखळला की त्याच्यावर ओरडायचे.

निघताना जिन्यात अंधार होता, तर ताईंनी त्याचा हात न ओढता स्वतःचं कोपर धरायला दिलं आणि पायऱ्या मोजत खालपर्यंत आल्या. आता आम्ही पण तसंच चालतो. ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, खूप खूप थँक्यू.