दिवाळीच्या मालासाठी भांडवल हवे : वारली चित्रकार भगिनींसाठी आवाहन

सप्रेम जोहार.

दिवाळीची प्रदर्शने तोंडावर आली आणि मंडळाचे कपाट रिकामे आहे, म्हणून हे पत्र घाईने लिहीत आहे. लावणी उरकून डहाणू तालुक्यातल्या आपल्या पाड्यांवरच्या भगिनी पुन्हा चित्रांना बसायला तयार आहेत. पण मांजरपाट (कोरे सुती कापड) आणायला पैसे नाहीत.

ही कला मुळात सवाशिणींची. लग्नघरी शेण-गेरूने सारवलेल्या भिंतीवर त्या तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचे चौकोनी चित्र) लिहितात, मधोमध पालघट देवी बसते आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी गाऊन देवांना बोलावते. १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी पाड्यांवर कागद आणला आणि गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी त्यावर शेते, मासळीची जाळी, तारपा या फुंकवाद्यावरचा नाच असे आपले सारे जग उभे केले. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१४ साली वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले. याचा आम्हाला फार अभिमान आहे. पण बाजार भरला आहे तो यंत्रावर छापलेल्या कपांनी आणि साड्यांनी, आणि त्यातला रुपया पाड्यावर येत नाही. घरात पैसा नसला की बाई आठवडाभर खपून काढलेले चित्र व्यापारी म्हणेल त्या भावाला देऊन टाकते.

गेल्या वर्षी पायपुसण्यांची मोठी ऑर्डर आली होती. त्यावर पालघट देवीचे चित्र हवे होते. बैठकीत सगळ्यात वयस्क धवलेरीने नकाराची मान हलवली, आणि कोणी दुसरा शब्द काढला नाही. ऑर्डर परत गेली, आगाऊ रक्कमही गेली. असे ठामपणे नाही म्हणता यावे यासाठीच मंडळाकडे स्वतःचे भांडवल हवे.

आजवर आपण पाठीशी उभे राहिलात, ते विसरणे शक्य नाही. दादरच्या आपल्या निवृत्त शिक्षिका बाईंनी फंडाच्या रकमेतून पहिले कापड घेऊन दिले, तेव्हा मंडळाला पावतीपुस्तकसुद्धा नव्हते. बोईसरच्या कामगार बांधवांनी एक दिवसाचा पगार दिला. घोलवडच्या बागायतदार काकांनी चिकूची पॅकिंग शेड पावसाळाभर मोफत वापरू दिली; तिथेच आपल्या मुली चौकट ठोकायला आणि बिल करायला शिकल्या. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी चित्रांचे फोटो काढून दिले, आणि प्रत्येक चित्राखाली काढणारीचे नाव असावे हा आग्रहही त्यांचाच.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. ९ ऑगस्टला आदिवासी दिनी आमच्या भगिनींसोबत फोटो काढायला रांग लागते. गेल्या वर्षीच्या पत्राला मात्र मोजक्याच घरांतून उत्तर आले. या वेळी तसे होऊ देऊ नका.

₹१,५०० मध्ये एका भगिनीचे दिवाळीपर्यंतचे कापड, गेरू, रंग व चौकटी होतात. एकूण गरज ₹९०,००० (साठ जणी). रोख, धनादेश वा खात्यावर, घटस्थापनेपूर्वी. खाते क्रमांक कोषाध्यक्ष ताईंकडे. पावती अवश्य घ्यावी. मांजरपाट, जाड पुठ्ठा, टेम्पो, ठाणे-मुंबईत स्टॉलसाठी जागा हेही चालेल. दिवाळी भेटींच्या ऑर्डरी आताच नोंदवाव्यात, निम्मी रक्कम आगाऊ. कार्यालय बाजाराच्या दिवशी बंद.

आपली नम्र,
सचिव
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)