गडग्यापलीकडच्या तात्यांना

तीर्थस्वरूप तात्या,
साष्टांग नमस्कार.

काल संध्याकाळी आपल्या दोन बागांमधल्या दगडी कुंपणावर, गडग्यावर, ठेवलेली आंब्याची पेटी आज सकाळी तिथेच, जशीच्या तशी. वर तुमच्या अक्षरातली चिठ्ठी : 'आमच्याकडे आंबे आहेत. ही विक आणि पंपात पेट्रोल घाल.' तुमच्याकडे पंचवीस कलमं आहेत हे मला ठाऊक नाही का? पण माझ्या हातात दुसरं होतं काय द्यायला? म्हणून हे पत्र. तुम्ही स्वतः फोनवर वाचणार नाही, नात वाचून दाखवेल. अर्ध्यावर तुम्ही 'बरं बरं, पुरे' म्हणाल. तिला मी आधीच सांगून ठेवलंय, थांबायचं नाही.

गेल्या ऑक्टोबरात मी ठाण्याहून बाडबिस्तरा घेऊन आले, तेव्हा कलमांबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती मे महिन्यात आंबे देतात. बाबांनी शेवटची काही वर्षं बाग कराराने दिली होती. करारवाल्याने आंबा भरपूर काढला आणि दर पावसाळ्यात कल्टार, म्हणजे वाढ रोखून मोहोर आणायला लावणारं औषध, किती ओतलं याचा हिशोब काही ठेवला नाही. चौदातली पाच कलमं ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळात मुळासकट आडवी झालेली. उरलेली नऊ कशीबशी उभी होती. फांद्यांची टोकं आखडलेली, पानं एकाला एक चिकटून गुच्छ झालेले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि तुम्ही गडग्याला कोपर टेकून माझ्याकडे. तुमचं पहिलं वाक्य अजून कानात आहे. "यंदा ह्यांना औषध नको, शेणखत घाल. आजाऱ्याला कोणी पळवतं काय?"

आणि मग ती बांडगुळाची गोष्ट. तुम्ही गावात कुणाला सांगितली नाहीत, त्याबद्दल वेगळे आभार; आता मीच सांगते. नोव्हेंबरात विहिरीकडच्या कलमावर लालसर केशरी नळ्यांसारखी फुलं आली. मी फोटो काढून भावाला पाठवला, 'आपल्याकडे मोहोर सगळ्यात आधी!' तुम्ही कोयता घेऊन आलात आणि काही न बोलता झाडावर चढलात. माझा मोहोर खाली पडला, म्हणजे बांडगूळ. नुसतं बांडगूळ खरवडून भागत नाही, त्याची मुळं फांदीच्या आत गेलेली असतात, म्हणून खालून हातभर फांदी जायला हवी, हे तुम्ही वरून ओरडून सांगितलंत. भाऊ अजून विचारतो, 'लाल मोहोराचं काय झालं?'

डिसेंबर कोरडा गेला, थंडी काही येईना. माझ्या फोनवर रोज सूर्याचं चित्र. नऊपैकी चार कलमांना तांबूस कोवळी पालवी फुटली आणि मी खूश! तुम्ही पालवी बोटांत धरून म्हणालात, "ह्या फांद्या यंदा गेल्या." थंडी नसली की झाड पानाकडे वळतं, आणि त्या टोकाला मग त्या साली मोहोर यायची आशा थोडी, हे मला कोण सांगणार होतं? जानेवारीत उत्तरेचा वारा सुरू झाला, पहाटे अंगणात दोन गोधड्या लागायला लागल्या, आणि बाकीच्या पाच कलमांवर एका आठवड्यात टोकं फुगली. आमच्याकडे लोक थंडीने कुडकुडत होते आणि तुम्ही हात चोळत हसत होतात.

मोहोर उमलला तेव्हा मी एक तुरा खाली वाकवून फुलं मोजायला बसले. सातशेपर्यंत गेले आणि मान अवघडली. "पुढं मोजू नकोस, हजाराच्या वर जातात," तुम्ही म्हणालात. "त्यातली बहुतेक नर. हापूस ह्या बाबतीत फार कंजूष. शंभर फुलांतलं एकसुद्धा आंबा होऊन पेटीत पोचत नाही." मी तोवर पाच कलमं गुणिले तुरे गुणिले फुलं असा मनात बंगला बांधला होता. त्याच दिवशी मी मोहोरावरच्या माश्या फडक्याने हाकलत होते, तेव्हा तुम्ही खरंच चिडलात. "अगो, त्या माश्या हाकललीस तर आंबा कोण धरवणार, तू?" मधमाश्यांबद्दल शाळेत शिकले होते. आंब्याच्या फुलाचं बरंचसं काम साध्या माश्या करतात, हे या वयात गडग्यावर शिकले.

फवारणीवाल्याला मी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं होतं, ऐन उमललेल्या मोहोरावर. तो पंप घेऊन आला आणि तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत. फुलं उघडायच्या आधी मारायचं, नाहीतर फळ धरल्यावर. मधल्या दिवसांत पंप खोपीत. माझे त्या दिवसाचे पैसे वाचले, त्याची मजुरी मात्र बुडू नये म्हणून तुम्ही त्याला आपल्या नारळाखालचं गवत काढायला लावलंत. त्याने मला नंतर सांगितलं.

भाजीच्या रोपांचं तर विचारूच नका. ठाण्याच्या बाल्कनीत मी सहा कुंड्या सांभाळायचे, म्हणून इथे परसात मिरची, वांगी आणि टोमॅटोची रोपं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये टाकली. उगवली छान. चौथ्या दिवशी सकाळी अर्धी रोपं जमिनीलगत पिचून आडवी झालेली, जणू कुणी दोऱ्याने आवळली. मी कोंबडीवर संशय घेतला. तुम्ही ट्रेच्या मातीत बोट खुपसलंत आणि बाहेर काढून मला दाखवलंत. बोटाला चिखल. सकाळ-संध्याकाळ पाणी घालून मी बुरशीला आमंत्रण देत होते. त्या दिवशी दुपारी तुम्ही मला तुमच्या वाफ्याशी नेलंत. जमिनीपासून वीतभर उंच केलेला वाफा, वर चाळलेलं शेणखत, बी ओळीत आणि विरळ. पाणी सकाळी एकदा, तेही माती विचारून. दव असताना पानांवर चुलीतली चाळलेली राख भुरभुरवायची, म्हणजे मावा दूर राहतो. मग तुम्ही मिरचीची चाळीस रोपं उपटून केळीच्या सोपटात गुंडाळून दिलीत आणि बजावलंत, ऊन उतरल्यावर लाव. दुसऱ्या दिवशी प्रत्येक रोपाला मी फणसाच्या पानाची टोपी घातली. रस्त्यावरून जाणाऱ्या बायका थांबून हसल्या. चाळीसपैकी सदतीस लागली. तीन कोंबडीने खाल्ली, म्हणजे माझा संशय अगदीच खोटा नव्हता.

फेब्रुवारीत हवेने ताळ सोडला. पहाटे धुकं, दुपारी अंगातून घामाच्या धारा, तिसऱ्या प्रहरी मळभ. तेव्हा पहिल्यांदा तुमच्या माजघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका मी नीट पाहिली. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक पेन्सिलीने एकेक अक्षर. म म्हणजे मळभ, द म्हणजे दव, उ म्हणजे उत्तरेचा वारा, आणि जिथे पाऊस तिथे नुसता एक टिंब. काकूंनी मागच्या वर्षांच्या काढून दाखवल्या, दोरीने बांधलेल्या, माळ्यावर. मी ठाण्यात अकरा वर्षं लोकांचे हिशोब लिहिले, पण इतकी नेटकी वही पाहिली नाही. 'लागोपाठ तीन म आले की मोहोराखाली जा आणि कान दे,' असं तुम्ही सांगितलंत, आणि खरंच, फांदीला हात लावला की तुडतुडे चुरचुर आवाज करत उडाले. पानं चिकट झाली होती. चिकटा बसला की त्यावर काळी बुरशी चढते आणि अख्खं झाड काजळल्यासारखं दिसतं, हे करारवाल्याच्या काळातल्या दोन कलमांवर मी आधीच पाहिलं होतं, फक्त त्याला मी धूळ समजत होते.

मोहोरावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली तेव्हा मी घाईघाईने गंधक आणलं आणि दुपारी बारा वाजता पंप पाठीला लावला. तुम्ही धावत आलात तात्या. त्या वयात, गडग्यावरून उडी मारून. भर उन्हात गंधक मारलं की मोहोर करपतो. गुडघा सुजला तरी तुम्ही आठ दिवस 'काही नाही, वात आहे' म्हणत होतात. काकूंनी खरं सांगितलं.

त्याच सुमारास पुन्हा थंडीची एक लाट आली आणि ज्या तुऱ्यांवर वाटाण्याएवढी फळं धरली होती, त्यांच्याच शेजारी नवा मोहोर फुटला. मी परत खूश, तुम्ही परत गप्प. नव्या मोहोराने झाडाचं अन्न ओढलं की जुनी कणी, म्हणजे ती बारीक फळं, गळते. ह्याला पुनर्मोहोर म्हणतात, आणि त्यावर दापोलीच्या विद्यापीठाने जिब्रेलिक आम्लाची फवारणी सांगितली आहे, २० लिटर पाण्याला १ ग्रॅम, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून, पण ती वेळेवर, मोहोर असतानाच. माझी वेळ चुकली होती. १९७२ साली विद्यापीठ झालं तेव्हा तुम्ही शाळकरी पोर होतात, आणि तेव्हापासून तिथल्या कुठल्या माणसाने काय सांगितलं ते तुम्हाला पाठ. 'पुढल्या खेपेला,' एवढंच म्हणालात. एकदाही 'मी सांगितलं होतं' म्हणाला नाहीत. खरं तर सांगितलं होतंत.

मार्चमधली ती रात्र. फोनवर पावसाची शक्यता शून्य टक्के. दीडच्या सुमाराला पत्र्यावर टपटप सुरू झालं, आणि मी अंथरुणात बसून राहिले, काय करायचं ते न सुचून. पाच वाजता अंगणात बॅटरीचा उजेड. तुम्ही, डोक्यावर इरलं, हातात बांबू आणि त्याच्या टोकाला बांधलेलं जुनं लुगडं. "ऊठ, मोहोर झटकायचाय." बांबूने फांदी हलकेच हलवायची, तुऱ्यात अडकलेलं पाणी खाली आलं पाहिजे, कणी नाही. ऊन यायच्या आत मोहोर सुकला तर करपा, म्हणजे मोहोर काळा पाडणारी बुरशी, कमी लागतो. आपण आधी माझी पाच कलमं झटकली आणि मग तुमची पंचवीस. हे मला उजाडल्यावर कळलं, तात्या. तुमची पंचवीस कलमं ओल्या मोहोराने उभी होती आणि तुम्ही आधी माझ्याकडे आला होतात. तेव्हा मी काही बोलले नाही. मला बोलताच आलं नसतं. आपण दोघं चिंब होतो आणि काकू गरम पेज घेऊन गडग्यावर उभ्या होत्या.

दहा वाजता तुमच्याच पंपाने बुरशीनाशक मारलं. तरी एप्रिलच्या तोंडाला उष्णतेने गळ झाली, ती झालीच. सकाळी झाडाखाली सुपारीएवढ्या कैऱ्यांचा सडा. मी झाडू घेऊन रडत होते. तुम्ही एक कैरी उचलून चावलीत, तोंड वाकडं केलंत आणि कामाला लावलंत : दर कलमाला पंधरा दिवसांनी दीडशे ते दोनशे लिटर पाणी, बुंध्याला नाही, जिथे दुपारी बाराला फांद्यांची सावली संपते तिथे आळ्यात. वर वाळलेला पाचोळा. तो पाचोळा मी आदल्याच आठवड्यात पेटवायला निघाले होते, आठवतं?

एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलं नाही. कोंबडीच्या अंड्याएवढ्या झालेल्या फळांना कागदी पिशव्या घातल्या, तेव्हा तुम्ही पोट धरून हसलात. 'आंब्याला टोपरं!' तीन संध्याकाळी मी शिडीवर आणि तुम्ही गडग्यावर, टिंगल करत. फळं उतरवली तेव्हा पिशवीतले आंबे बिनडागी निघाले, फळमाशीही त्यांना लागली नाही. तुम्ही दोन आंबे हातात घेऊन उलटेपालटे केलेत, काही बोलला नाहीत. दोन दिवसांनी नात आली, 'आजोबांनी विचारलंय, पिशव्या उरल्यात का?' उरल्यात. अडीचशे. खोपीत ठेवल्या आहेत, कधीही न्या.

पाच कलमांवर सगळे मिळून अकरा पेट्या झाल्या. मोडीत निघालेल्या बागेला हा आकडा कसा, ते मला अजून सांगता येत नाही. तुम्ही 'बरा आहे' म्हणालात, आणि तुमचं 'बरा' मी आता ओळखते. तुमच्या झेल्यानेच, त्या जाळी लावलेल्या काठीने, उतरवले सगळे, देठ ठेवून, एकही चीक सांडलेला नाही. आढीतल्या पेंढ्याचा वास घरभर आहे. बाबा असते तर त्यांनी पहिला आंबा कापून आधी साका, म्हणजे गरातला पांढरट कच्चा भाग, आहे का ते पाहिलं असतं. मीही तेच केलं. नव्हता.

आता पुढचं. आंबा खाल्ला की बाठा फेकू नको म्हणाला होतात. साठेक बाठे धुऊन विहिरीशेजारी ओल्या रेतीत मांडलेत, रायवळचे वेगळे. पाऊस लागला की कोयकलम, म्हणजे बाठ्याच्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी, बांधायला शिकवणार आहात, असा तुमचा शब्द आहे आणि काकू साक्षीला आहेत. 'निसर्ग'ने पाडलेल्या पाच जागा अजून रिकाम्या आहेत.

आणि हो, गडग्यावर परत पेटी ठेवलेली नाही. ती विकली, पेट्रोल भरलं. तिथे आता टोपलीत कैऱ्या आहेत, विहिरीकडच्या कलमाच्या, लोणच्याच्या बेताच्या. त्या काकूंसाठी आहेत, तुमच्यासाठी नाहीत, तेव्हा परत करायचा तुम्हाला हक्क नाही. टोपली मात्र पाठवा, ती त्यांचीच आहे, जानेवारीपासून माझ्याकडे राहिली होती.

तुमची,
गडग्याअलीकडची