पान मलूल होण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुष्काळावरच्या लेखांत ‘पाणी तुटले आणि झाड सुकले’ एवढ्यावरच वनस्पतींचा विषय आटोपला जातो, याची मला मनापासून खंत वाटते. पान मलूल दिसू लागण्यापूर्वीच झाडाने आपला पाण्याचा खर्च आवरता घेतलेला असतो, आणि हे काम रासायनिक संदेशांवर चालते.

सफरचंदाच्या रोपांवरचा १९९० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग यासंदर्भात आवर्जून सांगावासा वाटतो. एकाच रोपाची मुळे दोन भागांत विभागून एका भागाला पाणी दिले आणि दुसरा कोरडा ठेवला, तेव्हा पानांची वाढ मंदावली. पण कोरड्या भागातली मुळे छाटून टाकताच ती पुन्हा सुधारली. मुळे कमी झाल्यावर वाढ सुधारते, म्हणजे अडचण पाण्याच्या टंचाईची नव्हती, तर कोरड्या मुळांकडून येणाऱ्या इशाऱ्याची होती.

या साऱ्या व्यवहारात मुख्य संप्रेरक, म्हणजे झाडातला रासायनिक निरोप्या, आहे अ‍ॅब्सिसिक आम्ल, ज्याचा शोध १९६०च्या दशकात लागला. त्याचे प्रमाण वाढले की पर्णरंध्राच्या, म्हणजे पाण्याची वाफ बाहेर सोडणाऱ्या पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या, दोन्ही कडांच्या रक्षक पेशींतून पोटॅशियम बाहेर पडते, त्यामागोमाग पाणीही जाते, पेशी सैल पडतात आणि मधली फट मिटते. हे आम्ल मुळांतूनच वर येते असे बराच काळ मानले जाई; परंतु ज्यांच्या मुळांना ते पुरेसे तयार करता येत नाही अशा टोमॅटोच्या खुंटांवर निरोगी कलम बांधले, तरी माती सुकताच पर्णरंध्रे मिटली, म्हणजे त्यासाठी मुळांतल्या आम्लाची गरज नव्हती. पुढे २०१८ मध्ये अरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात मुळांकडून पानांकडे जाणारे एक लहानसे पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) सापडले, जे पानांनाच हे आम्ल बनवायला लावते. मला हा शोध फार मोलाचा वाटतो.

मात्र फट मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते. म्हणूनच एखादे वाण ‘दुष्काळ सोसणारे’ असल्याची बातमी छापताना ते टंचाईत केवळ तग धरते की दाणेही भरते, हे आपण स्पष्ट नमूद करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक