जन्मतः बंद असलेल्या नाकाविषयी

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गरोदरपणाच्या तपासणीत डॉक्टरांनी तुझ्या तान्हेपणीच्या शस्त्रक्रियेचा तपशील विचारला आणि तुला तो नीट सांगता आला नाही, असे तू कळवलेस. त्या वेळची सगळी कागदपत्रे सोबत पाठवत आहे. पण कागदांत न आलेले आणि बाळ झाल्यावर तुला स्वतःला ओळखता यावे असे बरेच काही आहे, ते सविस्तर लिहिते.

जन्मल्याबरोबर तू खणखणीत रडलीस आणि रंगही छान गुलाबी होता, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. रडणे थांबून तू शांत झालीस की मात्र ओठांभोवती निळसर छटा यायची आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांखालची जागा आत ओढली जायची. पुन्हा रडू लागलीस की रंग परत यायचा. अंगावर घेतले तर दोन-तीन घोट ओढून तू गुदमरायचीस आणि तोंड बाजूला करायचीस. मोठ्या माणसाचे नाक चोंदले की तो तोंडाने श्वास घेतो, पण तान्ह्या बाळाला ते सहजी जमत नाही. त्याचे स्वरयंत्र घशात इतके वर असते की दूध पितानाही नाकाने श्वास चालू राहतो, आणि याच रचनेमुळे पहिले काही महिने ते जवळजवळ पूर्णपणे नाकावर अवलंबून असते. रडताना तोंड उघडते, हवा आत जाते, म्हणून रंग सुधारतो. बाळ रडायचे थांबले म्हणजे त्याला बरे वाटले, असे आपण धरून चालतो; या आजारात नेमके उलटे असते.

सुरुवातीला ती साधी सर्दी समजली गेली. त्यात फारसे नवल नाही, कारण नवजात बाळाचे नाक चोंदते ते बहुतेक वेळा आतल्या अस्तराच्या सुजेमुळे, आणि सलाइनचे थेंब घालून हलकेच शेंबूड ओढून घेतला की ते मोकळे होते. (नाक मोकळे करणारे औषधी थेंब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तान्ह्या बाळाला कधीही घालू नकोस.) खरे निदान केले ते रात्रपाळीच्या सिस्टरांनी. त्यांनी कापसाचा एक बारीक तंतू तुझ्या नाकपुडीसमोर धरला; तो हललाच नाही. मग सहा नंबरची मऊ नळी उजव्या नाकपुडीतून घातली, ती साधारण तीन सेंटिमीटरवर अडली. डावीकडेही तेच झाले. त्यांनी लगेच जीभ पुढे राहील अशी छोटी वायुनलिका तुझ्या तोंडात बसवली, आणि शांत असतानाही तुझा रंग प्रथमच गुलाबी राहिला.

या दोषाला कोॲनल अट्रेझिया म्हणतात. नाकाची पोकळी मागे घशात जिथे उघडते, तिथले दार गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात उघडायचे राहून जाते आणि त्या जागी हाडाचा, किंवा हाड आणि पातळ पडदा असा मिश्र अडसर उरतो. रोडेरर या वैद्याने 1755 मध्येच त्याचे वर्णन करून ठेवले आहे. साधारण पाच ते आठ हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक. निदान पक्के करण्यासाठी दुर्बिणीने पाहिले गेले आणि सीटी स्कॅन झाला. स्कॅनआधी नाक स्वच्छ करून घेतले होते, कारण साचलेला शेंबूडही चित्रात अडसरासारखाच दिसतो. नळी अगदी पुढेच अडली असती तर नाकाचे पुढचे हाडाचे तोंड अरुंद असल्याची शंका आली असती. पूर्ण दिवसांच्या बाळात ती रुंदी 11 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर तो दोष मानतात. अश्रुपिशवीची नाकात उतरलेली गाठही वाट अडवते. तेव्हा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी निळसर फुगवटा दिसू शकतो. नाकात मध्यरेषेवर गाठ असेल तर स्कॅन केल्याशिवाय तिचा तुकडा तपासणीसाठी काढत नाहीत, कारण तिचा मेंदूशी संबंध असू शकतो.

तुझे हृदय, डोळे, कान आणि मूत्रपिंडेही तपासली. चार्ज सिंड्रोममध्ये नाकाच्या या दोषाबरोबर इतर अवयवांतही दोष असतात. 2004 मध्ये त्याचा संबंध सीएचडी7 या जनुकाशी जोडला गेला. तुझ्यात तसे काही आढळले नाही.

शस्त्रक्रियेपर्यंत तोंडातल्या नलिकेवर श्वास आणि तोंडावाटे पोटात घातलेल्या नळीने माझे दूध, असे तुला सांभाळले. पूर्वी टाळू उघडून ही शस्त्रक्रिया करत. तुझी नाकातूनच, दुर्बिणीने झाली. अडसर आणि नाकाच्या मधल्या पडद्याचा मागचा थोडा भाग काढून उघड्या कडा अस्तराने झाकल्या आणि दोन्हीकडे मऊ नळ्या बसवल्या. अशा नळ्या ठेवाव्यात की नाही याबद्दल शल्यविशारदांत आजही एकमत नाही. माझ्या लेखी खरी कसोटी त्यानंतरची होती. नळ्या सुकलेल्या शेंबडाने बुजतात, म्हणून रात्रीअपरात्री सलाइन घालून, ठरवून दिलेल्या खोलीपर्यंतच सक्शनची नळी नेऊन त्या साफ ठेवाव्या लागत. नळ्या काढल्यावर उजवी बाजू पुन्हा आकसली आणि भूल देऊन ती रुंद करावी लागली. असे पुष्कळ बाळांत होते, म्हणून शस्त्रक्रिया झाली तरी तपासण्या चुकवायच्या नसतात.

आता तुझ्या बाळाविषयी. हा दोष एकटाच असतो तेव्हा बहुधा कुटुंबात दुसऱ्या कोणाला नसतो, तरीही जनुकतज्ज्ञांचा सल्ला तू अवश्य घे. सोनोग्राफीत तो सहसा दिसत नाही, त्यामुळे ती चांगली आली तरी प्रसूतीनंतरची तपासणी टाळू नये. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेत असशील तर आजच डॉक्टरांना सांग, कारण गरोदरपणाच्या सुरुवातीला घेतलेल्या या औषधाचा या दोषाशी संबंध आढळला आहे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस. एकच बाजू बंद असेल तर बाळ निळे पडेलच असे नाही. एकाच नाकपुडीतून सतत घट्ट शेंबूड येत राहणे एवढीच खूण वर्षानुवर्षे दिसते, आणि शस्त्रक्रियाही मूल थोडे मोठे होईपर्यंत थांबू शकते.

फाइलमधला सीटी स्कॅनचा अहवाल आणि शस्त्रक्रियेची टिपणे पुढच्या तपासणीलाच डॉक्टरांना दाखव. बाळ जन्मल्यावर ते कितीही छान रडले तरी दोन्ही नाकपुड्यांतून मऊ नळी घालून पाहावी आणि पहिल्यांदा पाजताना कोणीतरी जाणकार जवळ असावे, हे तुझ्या केसपेपरवर त्यांच्याकडून आताच लिहून घे.

तुझी,
आई