विजयदुर्ग बघायचा तर गोदीपर्यंत ये

देवगड,
18 जानेवारी

प्रिय दिगू,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी दादाच्या मुलांना घेऊन विजयदुर्गला जाऊन आलो. तुला फोनवर सांगायला घेतलं आणि तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. हे घाईघाईत सांगायचंच नव्हतं, म्हणून सवडीने लिहायला बसलो.

सकाळी लवकर निघालो, पडेल कॅन्टीनला चहा घेतला. कलमांना मोहोर चांगला आलाय, थंडी अशीच टिकली तर यंदा आंबा वेळेवर होईल. गिर्येच्या सड्यावरच्या पवनचक्क्या दिसल्या आणि गाडीत नुसता कल्ला.

किल्ल्याचं मूळ शिलाहारांच्या काळातलं. महाराजांनी 1653 मध्ये घेरिया, म्हणजे हाच किल्ला, जिंकला तेव्हा विजय संवत्सर चालू होतं, म्हणून विजयदुर्ग. तीन बाजूंना पाणी, चौथीकडचा खंदक बुजवून आता रस्ता झालाय. दरवाजा असा वळणात दडवलाय की त्याच्या पुढ्यात जाईपर्यंत दिसत नाही. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात हा आहे. फार आनंद झाला रे. पण पावसाळ्यात ढासळलेला तट बघितला की पोटात तुटतं.

किल्ल्यातल्या 'साहेबाच्या ओट्यां'वर मुलं बराच वेळ रमली. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास ग्रहणाशी हे ओटे जोडले जातात. लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने हेलियम इथेच शोधला असंही हौसेने सांगतात. पण तो त्या ग्रहणाला भारतात आलाच नव्हता. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन होता गुंटूरला, आणि लॉकियरने सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातली हेलियमची पिवळी रेषा ऑक्टोबरमध्ये इंग्लंडातून टिपली. मी मुलांना हेच सांगितलं. आपल्या किल्ल्याला उसन्या गोष्टींची गरज नाही, त्याची स्वतःचीच गोष्ट केवढी आहे!

ती गोष्ट खाडीकडच्या तटावर बसून सांगितली. फेब्रुवारी 1756. आत आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांची माणसं, बाहेर समुद्रात इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या युद्धनौका, सोबत क्लाइव्ह, आणि जमिनीवरून पेशव्यांचं सैन्य. इंग्रजांच्या मदतीला आपलेच लोक. खाडीत आंग्र्यांचं आरमार एकमेकांना लागून उभं होतं. त्यात 'रिस्टोरेशन' नावाचं एक जहाज होतं, कधीकाळी ईस्ट इंडिया कंपनीकडूनच काढून घेतलेलं. तोफेचा गोळा नेमका त्याच्यावर पडला, त्याने पेट घेतला आणि बघता बघता सगळं आरमार जळून गेलं. धाकटीने विचारलं, "काका, मग किल्ला का नाही कोसळला? हा तर आहे की अजून." दिगू, मला हेच तुला सांगायचं आहे. तट तेव्हाही उभे होते आणि आजही आहेत. पण या किल्ल्याचं बळ दगडात नव्हतंच, ते गलबतांत होतं. ती जळाली आणि किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. पुढे त्यांनी बाणकोटच्या बदल्यात तो पेशव्यांना दिला, पेशव्यांचे आरमारप्रमुख आनंदराव धुळपांनी इथून पुन्हा आरमार चालवलं, आणि 1818 मध्ये सगळंच संपलं.

म्हणून जेवणानंतर मुलांना परत गिर्येला नेलं, गोदी दाखवायला. बहुतेक लोक किल्ला बघतात, फोटो काढतात आणि कुणकेश्वरला पळतात. इथे कुणीच फिरकत नाही. वाघोटण खाडीच्या काठी कातळ खोदून केलेली गोदी आहे ही, सुमारे 109 मीटर लांब आणि 70 मीटर रुंद. चारशे-पाचशे टनांची जहाजं इथे बांधली जात, दुरुस्त होत. ओहोटी होती. गाळ इतका साचलाय की निम्मी गोदी त्याच्याखाली असेल. कडेला कांदळ वाढलंय, चिखलात बारीक कुर्ल्या बिळांतून डोकावत होत्या. मोठा पोरगा कडेच्या कातळावर हात फिरवत पुढे गेला आणि थांबला. शेवाळ खरवडलं तर खाली एकसारखे तिरके घाव, ओळीने. त्याने बोटं त्या खाचांत घालून बघितली आणि मला म्हणाला, "हे हाताने केलंय?" त्या पाथरवटांची नावं कुठेच नाहीत. सुतारांची नाहीत, शिडं शिवणाऱ्यांची नाहीत. आंग्रे, धुळप आपल्याला ठाऊक असतात. पण ज्यांच्या हातांवर ते आरमार तरलं, ती माणसं याच गावांतली होती, आणि त्यांच्यासाठी इथे एक साधा फलकही नाही. मला याचं फार वाईट वाटतं. गोदीतला गाळ काढून तिची नीट राखण व्हायला हवी, किल्ल्याइतकीच.

तू मुलांना घेऊन ये. मे महिन्यात नको, उन्हाने जीव जातो आणि आमची आंब्याची गडबड असते. फेब्रुवारीत ये. तारीख कळव, म्हणजे ओहोटीची वेळ बघून मी दिवस ठरवतो. भरती असली तर गोदीची कड दिसायची नाही. आधी गोदी दाखवीन, किल्ला मग. आईने तुझ्यासाठी कोकमं काढून ठेवली आहेत, तीही न्यायची आहेत.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
सुध्या