चौकटीत सूर्यच राहून गेला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील पृथ्वीच्या आदिम वातावरणावरचा लेख आवडला. मात्र सोबतच्या चौकटीत ‘सुरुवातीची हवा : मिथेन, अमोनिया, हायड्रोजन’ असे जे ठामपणे छापले आहे, ते खटकले. १९५३ साली शिकागोत स्टॅन्ले मिलर यांनी हे वायू पाण्याच्या वाफेसह काचेच्या चंबूत भरून त्यांत विजेच्या ठिणग्या पाडल्या आणि अमिनो आम्ले मिळवली, तेव्हापासून ही यादी पाठ्यपुस्तकांत ठाण मांडून बसली आहे. (फळ्यावर मीही वर्षानुवर्षे हेच लिहीत आलो.) परंतु अतिनील किरणांपुढे अमोनिया फार काळ टिकत नाही, त्यामुळे आज बहुतेक अभ्यासक नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्राबल्य असलेली हवा गृहीत धरतात.

त्याहून मोठी उणीव म्हणजे सूर्याचा उल्लेखच नाही. आरंभी सूर्याचे तेज आजच्या सुमारे ७० टक्केच होते. अशा कोवळ्या उन्हात, हवा आजच्यासारखी असती तर, समुद्र गोठायला हवे होते. कार्ल सेगन आणि जॉर्ज मलेन यांनी १९७२ मध्ये हे कोडे मांडले. खडक तर वाहत्या पाण्याची साक्ष देतात.

दक्षिण आफ्रिकेत सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय राखेत पावसाच्या थेंबांचे खळगे जसेच्या तसे थिजलेले आहेत. दाट हवेत थेंब सावकाश पडतो व खळगा लहान उमटतो, हे ध्यानात घेऊन संशोधकांनी त्या खळग्यांचे साचे काढले, आइसलँड आणि हवाई येथील राखेवर उंचावरून पाण्याचे थेंब सोडले आणि दोन्हींची मापे ताडून पाहिली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की तेव्हाच्या हवेची घनता आजच्या दुपटीहून अधिक नसावी. म्हणजे केवळ हवेच्या जाड पांघरुणाने पृथ्वी उबदार राहिली, असे म्हणता येत नाही. ती ऊब मुख्यतः कार्बन डायऑक्साइडची आणि बहुधा सूक्ष्मजीवांनी सोडलेल्या मिथेनची असावी. मिथेनला त्या चौकटीत जागा आहे ती अशी, जीवसृष्टीच्या आधी नव्हे तर नंतर.

ऑक्सिजनचा आकडा लेखात बरोबर आहे. तो हवेत साठू लागला सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. शाळांच्या वार्ताफलकांवर अशी कात्रणे लावली जातात, म्हणून पुढील पुरवणीत निदान ती चौकट दुरुस्त करून पुन्हा छापावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक